शिकारी पक्ष्यांची छायाचित्रे : धुलाई कोठे संपते आणि भेसळ कोठे सुरू होते?

कापडाच्या बाजारात रंग पारखायचा असेल तर ताका ट्यूबलाइटखाली उलगडत नाहीत, दुकानाच्या दारात उजेडात नेऊन पाहतात. दिव्याखाली जो मोरपंखी वाटतो तो उन्हात हिरवा निघतो, आणि मग गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी माल परत घेऊन येते. वन्य पक्ष्यांच्या, विशेषतः शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रांचा जो लहानसा धंदा गेल्या काही वर्षांत उभा राहिला आहे, त्यात नेमका हाच प्रश्न आज ऐरणीवर आहे. चित्र दिव्याखाली दाखवायचे की उजेडात?

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. लग्नाचे फोटो काढणारे, अल्बम जुळविणारे, संगणकावर टचिंग करणारे, फ्रेम बसविणारे आणि फ्लेक्स छापणारे कितीतरी कारागीर आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि एरवी कॅमेरा कपाटात पडून असतो. आता हॉटेले, दवाखाने, बँकांची कार्यालये, सहल कंपन्या व दिनदर्शिका छापणारे पक्ष्यांची चांगली चित्रे मागू लागले आहेत. त्यातही गरुड, ससाणा, घार यांना मागणी अधिक, कारण भिंतीवर ते रुबाबदार दिसतात. हात तयार आहे, यंत्र घरात आहे. तेव्हा या कामाचे बरेवाईट आपल्या कारागीर बांधवांनी समजून घ्यायला हवे.

प्रथम एक गंमत सांगतो. आमच्या बाजारातील एका पेढीने काही वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांना वाटण्यासाठी दिनदर्शिका छापली. वर मोठ्या अक्षरांत 'सह्याद्रीचा गरुड' आणि खाली पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा भलामोठा पक्षी. तो अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी. सह्याद्रीत काय, साऱ्या हिंदुस्थानच्या रानात तो सापडत नाही. छापणाऱ्याने इंटरनेटवरून उचलला आणि मागे किल्ल्याचा बुरूज चिकटविला. वर्षभर ते चित्र शेकडो दुकानांत टांगलेले होते. कोणाचे काही बिघडले नाही, हे खरे. पण सोलापुरी चादर म्हणून पानिपतचा माल विकला तर आपण त्याला काय म्हणतो?

आणि गरुड पाहायला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नाही. सोलापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. माळढोकासाठी १९७९ साली येथे अभयारण्य झाले. माळढोकाचे दर्शन आता अत्यंत दुर्मिळ झाले आहे, परंतु त्याच गवतावर थंडीत जे शिकारी पक्षी उतरतात ते पाहून माणूस थक्क होतो. सापमार गरुड, कापशी घार, तांबूस तपकिरी रंगाचा टॉनी गरुड, पांढुरक्या डोळ्यांचा तीसा, आणि सर्वांत देखणे म्हणजे भोवत्या. भोवत्याच्या काही जाती कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, आपल्या माळावरचे टोळ-नाकतोडे खाऊन हिवाळा काढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. रात्री ते झाडावर बसत नाहीत. गवतात जमिनीवर झुंडीने उतरतात. माळ नांगरला गेला की त्यांचा मुक्काम मोडला.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. शाहीन हा शब्द आम्हाला शाळेत इक्बालांच्या शायरीतून भेटला. प्रत्यक्ष पक्षी दिसला तो पन्नाशी ओलांडल्यावर. तोपर्यंत मला वाटत होते की ही नावे फक्त शायरीत राहतात. प्रत्यक्षात शिकरा, बेसरा, लग्गड, शाहीन ही आपल्याकडच्या बाजदारांची बोलीतील नावे इंग्रजी पक्षिग्रंथांत जशीच्या तशी गेली आहेत. डॉ. सालीम अली हे आपल्या मुंबईचेच. घरच्या धंद्यासाठी ते तरुणपणी ब्रह्मदेशात गेले, पण धंद्यापेक्षा तेथल्या रानातल्या पाखरांत अधिक रमले. पुढे १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. शिकारी पक्ष्यांपुरते बोलायचे तर रिशाद नवरोजी यांचा २००६ सालचा भारतीय उपखंडातील शिकारी पक्ष्यांवरील ग्रंथ मोलाचा आहे. नवरोजी स्वतः छायाचित्रकार. ज्याला या कामात उतरायचे आहे त्याने लेन्स घेण्याआधी असा एखादा ग्रंथ चाळावा. कापड न ओळखणारा दलाल फार दिवस टिकत नाही.

शिकण्याची जागा मटण मार्केट

माझ्या बहिणीचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. पक्ष्यांच्या नादाला लागला तेव्हा त्याने पहिले सहा महिने नान्नजला पाऊलही टाकले नाही. सकाळी मटण मार्केटच्या गच्चीवर उभा राहायचा. तेथे घारी घिरट्या घालतात, तुकड्यावर झेप टाकतात, एकमेकींच्या पायातून घास हिसकावतात. दुभंगलेल्या शेपटीची ही आपली रोजची घार म्हणजे फुकटची शाळा. उडत्या घारीवर नजर ठरली की पुढे ससाण्यावर ठरते.

त्यातल्या काही गोष्टी त्याच्याकडून ऐकून आणि त्याच्याबरोबर पहाटे जीपमध्ये बसून मला कळल्या, त्या सांगतो. आकाश उजळ असते आणि घार काळसर. कॅमेरा आकाशाकडे पाहून उजेड मोजतो, त्यामुळे पक्षी कोळशासारखा येतो. म्हणून उजेड मापापेक्षा थोडा चढवावा लागतो. उलट कापशी घार पांढरीशुभ्र. तिच्यासाठी उतरवावा लागतो, नाहीतर पिसांचा पोत जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. असा जळालेला पांढरा भाग संगणकावर परत येत नाही. ब्लीचिंगमध्ये जळालेले सूत परत येते काय? उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेग लागतो. पक्षी वाऱ्याच्या तोंडाकडे झेपावतो, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असावेत. मग तो आपल्याकडे तोंड करून उडतो. झेप घेण्याआधी तो पुढे वाकतो आणि बहुधा विष्ठा टाकतो. हसू नका, अनुभवी फोटोग्राफर त्याच इशाऱ्यावर बटण दाबतो.

पायी चालत गेलात तर पक्षी दोनशे पावलांवरूनच उठतो, गाडीला मात्र तो फारसा बिचकत नाही. म्हणून गाडीतून उतरायचे नाही. आणि सोलापूरच्या माळावर ऊन चढले की जमिनीतून वाफा उठतात, दूरचे सारे थरथरू लागते. त्यानंतर काढलेले चित्र दहा लाखांच्या लेन्सनेही पुसटच येते. संगणकावरील कोणतीही करामत त्याला वाचवीत नाही. तेव्हा काम पहाटे सुरू आणि ऊन तापण्यापूर्वी बंद. दुकान उघडायलाही वेळेवर पोहोचता येते, हा व्यापाऱ्याचा फायदा.

ग्रे ताका आणि पक्का माल

आता मुख्य मुद्दा, संगणकावरील कामाचा. याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतात, चित्राला हात लावला की ते खोटे. दुसरे म्हणतात, गिऱ्हाइकाला सुंदर चित्र हवे, कसे बनले याच्याशी त्याला काय? दोन्ही मते मागावर न बसलेल्या माणसांची आहेत.

चांगला कॅमेरा 'रॉ' नावाची कच्ची फाइल देतो. ती म्हणजे आपला ग्रे ताका. मागावरून उतरलेले कोरे कापड कोणी तसेच दुकानात मांडत नाही. त्याची खळ काढतात, धुतात, ब्लीच करतात, रंगवितात, कॅलेंडर करतात. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. तसेच कच्च्या फाइलचे. उजेड चढविणे-उतरविणे, पहाटेची निळी झाक काढून रंग जाग्यावर आणणे, चौकट कापणे, वाकडे क्षितिज सरळ करणे, कॅमेऱ्यातील धुळीचे ठिपके आकाशातून पुसणे, अंधारात काढलेल्या चित्राचा रवाळपणा कमी करणे, हे सारे धुलाईत मोडते. ते करायलाच हवे, आणि चांगले करता येणे ही कारागिरी आहे.

अडचण येते ती आपल्या अल्बमवाल्या मुलांच्या सवयीमुळे. त्यांचा हात नवरीच्या चेहऱ्यावर बसलेला असतो. मुरूम पुसायचे, कातडी गुळगुळीत करायची, दात उजळायचे, डोळ्यांत चमक टाकायची, कोणाचे डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फोटोतले डोके आणून बसवायचे. नवरीकडचे लोक त्यासाठीच पैसे देतात आणि ते सर्वांना ठाऊक असते. तेथे फसवणूक नाही. तोच हात पक्ष्यावर चालला की अनर्थ होतो.

भाच्याच्या स्टुडिओतील एका होतकरू मुलाने भोवत्या नराचे चित्र तयार केले. राखाडी पंख, मागे सोनेरी गवत, पाहताच घ्यावेसे वाटावे असे. भाचा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मामू, पंखावरची काळी पट्टी कोठे गेली?" मुलाला ती पट्टी सावलीचा डाग वाटली होती; त्याने सफाईने पुसली. माँटेग्यूच्या भोवत्या नराच्या पंखावर एक काळी आडवी पट्टी असते. पांढुरक्या भोवत्या नराला ती नसते, त्याच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते. एका पुसण्याने पक्ष्याची जात संशयात पडली. कोणी अभ्यासक त्या चित्रावरून नान्नजच्या नोंदीत भलताच पक्षी लिहील. चित्र पुन्हा कच्च्या फाइलवरून करावे लागले.

डोळ्यांचेही तसेच. शिकऱ्याचे पिल्लू मोठे होत जाते तसा त्याचा पिवळा डोळा नारिंगी-तांबडा होत जातो. कापशी घारीचा लालभडक डोळा प्रौढपणाची खूण आहे. संगणकावर सगळ्यांचे डोळे पिवळेजर्द करून चमकविले की आपण पक्ष्याचे वय बदलले. पंखात एखादे पीस नसते; मुले शेजारचे पीस उचलून ती फट भरतात. परंतु पीस गळणे ही ऋतूची नोंद आहे, तो फाटका कपडा नव्हे. एकाने तर डावा पंख उलटा करून उजवीकडे लावला होता, कारण उजवा अर्धवट मिटलेला होता. असा पक्षी उडालाच नव्हता.

मला स्वतःला रेषा कोठे ओढावी असे वाटते ते सांगतो. उजेड आणि धूळ ही कॅमेऱ्याची बाब आहे, ती दुरुस्त करावी. पक्ष्याच्या अंगावर जे आहे आणि तो ज्या जागी आहे, त्यात भर घालू नये आणि वजाही करू नये. चोचीसमोर आलेली काडी काढणे हे रफूचे काम आहे. हॉटेलच्या भिंतीसाठी रफू चालेल, पण रफू आहे हे सांगून. रफूचा ताका आपण वेगळ्या दराने विकतो, लपवून विकत नाही. पुस्तक, वर्तमानपत्र किंवा स्पर्धेसाठी मात्र रफूही नको.

रवाळपणा काढणाऱ्या नव्या तंत्राबाबतही सावध राहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ही साधने २०२३ पासून नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्येच मिळू लागली आहेत. हलके वापरले तर उपकार, जास्त ओढले तर ते पिसांच्या जागी स्वतःच्या मनाची पिसे विणते. लांबून झकास दिसते, जवळून पाहिले की यंत्रमागावर छापलेली पैठणी.

सौदा विश्वासावर

येथे व्यापाराचा खरा प्रश्न येतो. आज दोन ओळी लिहून दिल्या की संगणक हवा तसा गरुड बनवून देतो. हवे तर पंजात साप, मागे रायगड. त्याला रानात जावे लागत नाही, लेन्स लागत नाही, मजुरी नाही. दिसण्याच्या बाबतीत त्याच्याशी टक्कर देणारा कारागीर हरणार. मग खऱ्या चित्राला भाव कशाचा? ते खरे असण्याचाच. म्हणून कच्ची फाइल जपून ठेवणे ही आता पावती जपण्यासारखी गोष्ट झाली आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धा शेवटच्या फेरीत कच्ची फाइल मागते. तरीही २००९ साली बक्षीस मिळालेले उडी मारणाऱ्या लांडग्याचे चित्र २०१० च्या जानेवारीत बाद झाले, कारण तो लांडगा बहुधा पाळीव असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला. छायाचित्रकाराने तो नाकारला, पण बक्षीस गेले. २०१७ च्या स्पर्धेतील मुंगीखाऊचे चित्र २०१८ मध्ये बाद झाले. तो प्राणी पेंढा भरलेला असावा असे तज्ज्ञांचे मत पडले. ध्यानात घ्या, या दोन्ही वेळी आक्षेप संगणकावरील कामाबद्दल नव्हता. खोट रानातच होती, असे ठरले.

आपल्याकडेही रानातली खोट चालते. दोरीला उंदीर बांधून ठेवायचा आणि घुबड किंवा कापशी घार झेपावली की चित्र काढायचे. घरट्याजवळ गर्दी करायची, फांद्या तोडून पिल्ले उघडी पाडायची. आई-बाप उडून जातात आणि पिल्ले उन्हात मरतात. असल्या चित्राला कच्ची फाइल असूनही मी ते खरे म्हणणार नाही, आणि विकत तर मुळीच घेणार नाही. कायद्याचेही भान ठेवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकारी पक्षी पकडणे व पाळणे गुन्हा आहे. आखाती देशांत बाज पाळण्याची परंपरा आजही चालू आहे. ते पाहून आलेले काही हौशी तरुण येथे शिकरा शोधत फिरतात, त्यांनी हे ऐकून ठेवावे. अभयारण्यात जाताना वन विभागाची परवानगी आणि शुल्क भरलेच पाहिजे.

खरेपणाला भाव असतो याचे एक उदाहरण दिल्लीचे आहे. नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ साबणाचे डिस्पेन्सर बनविण्याचा घरचा धंदा करीत आणि त्याच्या कमाईवर जखमी घारींवर उपचार करीत. शौनक सेन यांनी त्यांच्यावर केलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ साली सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत गौरविला गेला व २०२३ च्या ऑस्करसाठी नामांकित झाला. त्यात गरुडाचा डौल नाही. दिल्लीची धुरकट हवा, तळघर, खोक्यात बसलेल्या घारी आहेत. जगाने ते पाहिले.

पैशाचे गणित

भाबडेपणा नको. नुसती चित्रे विकून घर चालवणारे फार थोडे. दीडशे ते सहाशे मिलिमीटरची साधी लेन्ससुद्धा लाखाच्या घरात जाते. पुण्या-मुंबईत ती दिवसाच्या भाड्याने मिळते, तेव्हा पहिला हंगाम भाड्यावर काढावा. लग्नाच्या कमाईतून हप्ते भरून मोठी लेन्स घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पैसा मिळतो तो आजूबाजूच्या कामात. उजनीच्या पाणलोटावर भिगवण-कुंभारगावला मासेमारी करणारे लोक थंडीत फोटोग्राफरना होडीतून नेतात, घरी जेवू घालतात. ऑस्प्रे मासा घेऊन कोठे बसतो हे त्यांना पाठ असते. वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ माळाची सफारी सुरू केली. जेथे लोक येतात तेथे गाडी लागते, वाटाड्या लागतो. आणि आपल्या कारागिरांचे काम म्हणजे कच्च्या फाइलची स्वच्छ धुलाई, चांगल्या कागदावर छपाई, फ्रेम. हौशी डॉक्टर, वकील, अभियंते हजारो चित्रे काढून आणतात आणि संगणकापुढे बसायला त्यांना वेळ नसतो. हे काम बारमाही आहे आणि त्याला रानात जावे लागत नाही. फक्त ज्याने नवरीचा हात सोडून पक्ष्याचा हात धरला आहे, त्यालाच ते द्यावे.

भाच्याला मागील हंगामात पुण्याच्या एका कार्यालयाने भिंतींसाठी सहा चित्रे मागितली. भाव ठरला, नमुने गेले. नंतर तेथील बाईंनी फोन करून विचारले की भोवत्याच्या चित्राची मूळ फाइल पाहायला मिळेल का. त्याने त्याच संध्याकाळी पाठविली. पट्टी जाग्यावर होती, उजव्या पंखातील एक पीस गळालेले होते, तेही तसेच होते. सहाही चित्रे गेली, आणि दर फ्रेममागे जात, ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यांनी मागून घेतली. आता तो प्रत्येक चित्रामागे ती लावतो.

भोवत्ये ऑक्टोबरात उतरतील. ज्यांना पाहायचे आहेत त्यांनी रविवारी फजरनंतर लगेच निघावे. सूर्य वर यायच्या आत माळावर पोहोचलेले बरे.